आईच्या विरुद्ध उतरवलेला विमा

माझ्या वडिलांनी विमा उतरवला तो आईच्या भीतीनं. हे त्यांनी कधी लपवलं नाही. भांडण तापलं की ते म्हणायचे, "म्हातारपणी तुझ्या हातचं खायची पाळी माझ्यावर येणार न्हाय. त्याची सोय करून ठेवलीय मी." आणि आई चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "करा की. माझाबी जीव सुटंल."

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे. ओतकामाआधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. हात चांगला होता, पगार बरा होता आणि जीभ वाईट होती. आईची त्याहून वाईट. या दोघांना एकमेकांशी साधं बोलताना मी लहानपणी ऐकलेलं नाही. थोरला भाऊ आणि मी त्या आवाजातच अभ्यास करायला शिकलो.

भीतीचं कारण होते आजोबा, वडिलांचे वडील. त्यांना कागलहून आमच्याकडे आणलं तेव्हा ते हिंडते-फिरते होते. मग मोरीत घसरले, मांडीचं हाड मोडलं आणि ते मधल्या दाराजवळ पथारीवर पडले ते पुन्हा उठले नाहीत. मला कळायला लागल्यापासून ते तिथंच होते. आईनं त्यांचं सगळं केलं, आणि एकही दिवस धड तोंडानं केलं नाही. ताट ती पायानं सरकवायची. ते पाणी मागायचे तेव्हा ऐकू न आल्यासारखं करायची, आणि मग पुष्कळ वेळानं तांब्या असा आदळायची की अर्धं पाणी पथारीवर सांडायचं. पथारी ओली झाली म्हणून परत शिव्या त्यांनाच. शेवटी शेवटी आजोबा काही मागेनासे झाले.

वडील हे सगळं बघत. कामावरून येत, पाटावर बसून जेवत, मध्येच पंचा नाकाला लावत आणि म्हणत, "वास येतोय. बघ जरा." आपल्या वडिलांची कूस त्यांनी एकदाही बदलली नाही. ते सुनेचं काम. आईला याचा संताप यायचा आणि तो ती पथारीवर काढायची, कारण नवऱ्यावर काढला तर मार बसायचा. वडिलांनी एवढ्या वर्षांतून एकच गोष्ट घेतली, की उद्या मी पडलो तर ही माझंही असंच करणार.

आजोबा गेले त्याच वर्षी मास्तर घरी आले. ते दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात विम्याची एजंटगिरी करायचे. राजारामपुरीत त्यांचं स्वतःचं घर होतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. वडिलांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. दोन खोल्यांत दुसरीकडं जायला जागाच नव्हती, त्यामुळं आम्ही सगळे तिथंच होतो. आईसुद्धा.

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे, मिस्त्री?" मास्तरांनी विचारलं.

"मी अंथरुणाला खिळलो तर पगारी माणूस ठेवता आला पायजे. घरातल्या कुणाचा हात लागायला नको." वडील आईकडं बघून बोलले. "माझ्या बापाचे हाल मी बघितल्यात."

"मग हीच पॉलिसी. साठीला सगळी रक्कम तुमच्या हातात. त्याआधी तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना. आणि समजा, देव न करो, हातपाय गेले, तर कंपनी दरमहा देणार. पुढचे हप्तेसुद्धा माफ."

"लकवा आला तर?"

"हातपाय गेले की गेले. कशानं गेले ते कोण विचारत बसतंय?"

वडिलांनी सही केली. आई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी मुद्दाम करपू दिली आणि तीच त्यांना वाढली.

पुढची बारा वर्षं त्या हप्त्यानं आमचं घर चालवलं, म्हणजे घरात काय येणार नाही हे ठरवलं. हप्त्याच्या महिन्यात आईला लुगडं मिळायचं नाही. तिच्या बांगड्या एकदा गहाण पडल्या त्या परत आल्याच नाहीत. भावाला सायकल मिळाली नाही, तो चालत कॉलेजला गेला आणि त्याचा राग त्यानं मनात जपून ठेवला. मला अकरावीनंतर शिकवायला वडील तयार नव्हते; मी टायपिंग शिकले आणि एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागले. वडिलांना याचं काही वाटत नसे. हप्ता भरून आले की ते पावती आईच्या डोळ्यांपुढं धरायचे. तिला वाचता येत नव्हतं, तरी धरायचे.

सन चौऱ्याहत्तरच्या आसपास त्यांची फौंड्री शिरोलीला गेली होती. एक दिवस सकाळी रंधा मारता मारता ते टेबलावर कलंडले. बरोबरच्या लोकांनी त्यांना टेम्पोत घालून मोठ्या दवाखान्यात आणलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. त्यांचं वय साठीच्या बरंच अलीकडे होतं. महिनाभरानं त्यांना घरी आणलं आणि पथारी घातली ती मधल्या दाराजवळच, कारण दुसरीकडं माणूस आडवा मावत नव्हता. आईनं उशी सारखी केली, त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "या. जागा रिकामीच हाय."

त्या क्षणी मला तिचा जेवढा तिटकारा आला तेवढा आधी कधी आला नव्हता. वडिलांना सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. त्यांचा डावा डोळा तिच्यावर असा रोखलेला होता की निरोगी माणसाला शिव्या देऊनही तेवढं बोलता आलं नसतं.

मी मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी पॉलिसीचा कागद हातात घेतला, पण वाचला नाही. त्यात काय आहे ते त्यांना पाठ होतं. "यात अपघात म्हटलंय," ते म्हणाले. "बाहेरच्या कारणानं झालेली इजा. यंत्रात हात गेला, गाडीखाली सापडला, असं. हा आजार झाला."

"तुमी म्हणालता, कशानं गेले ते कोण विचारत न्हाय," आई म्हणाली.

"मी असं म्हणणं शक्य नाही, वहिनी."

पथारीवरून वडिलांनी एक आवाज काढला. शब्द नव्हता, पण मास्तर दाराकडं सरकले. फौंड्रीच्या मालकानं अपघात झाला असं लिहून द्यावं म्हणून मी शिरोलीला गेले. मालक म्हणाला, "अपघात म्हणून लिहिलं तर भरपाई माझ्या गळ्यात पडंल. मला खुळा समजलात काय?" आणि त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही.

मग पगार थांबला. माझ्या पगारात औषधं आणि भाडं कसंबसं निघायचं. हप्त्याची वेळ आली तेव्हा भाऊ सांगलीहून आला. तो तिथं नोकरीला होता, लग्न झालेलं होतं, आणि आजारपणात त्यानं एकही मनिऑर्डर धाडली नव्हती. आल्या आल्या म्हणाला, "पॉलिसी मोडायची न्हाय. हप्ता मी भरीन."

"औषधाला पैसं न्हाईत तुझ्याकडं," आई म्हणाली, "आणि मरणाला हाईत व्हय?"

"मी तसं म्हटलं न्हाय."

"मग कसं म्हटलंस ते सांग की. बाप हितंच हाय, त्याच्याफुडं सांग."

भाऊ वडिलांकडं न बघता चप्पल घालून बाहेर गेला. पण हप्ता त्यानं भरला.

आईचं म्हणणं साधं होतं. पॉलिसी मोडायची, येतील ते पैसे घ्यायचे आणि त्यांना उचलायला, धुवायला माणूस ठेवायचा. वडील अंगानं जड होते आणि आईची कंबर गेली होती. सकाळी ती भिंत धरून उठायची. मोडायच्या कागदावर वडिलांचा अंगठा लागत होता. मी शाईचं पॅड पुढं केलं की ते डाव्या हाताची मूठ वळून छातीशी धरायचे. हळूहळू त्यांना थोडे शब्द यायला लागले होते आणि त्यातला एक होता "देतील". त्यांचा मास्तरांवर अजून विश्वास होता. ऑफिसातले लोक कामचुकार आहेत, म्हणून उशीर होतोय, अशी त्यांची समजूत होती. आई म्हणायची, "त्यास्नी मला राबवायचंय. दुसरं काय न्हाय."

ती राबत होती आणि प्रत्येक घासाला बोलत होती. "खावा. इमा कंपनीनं धाडलंय." वडील तो घास तिच्या अंगावर थुंकायचे. ती पदरानं पुसायची आणि दुसरा घास पुढं करायची. "ह्योबी कंपनीचाच हाय." मी तिथं बसून डबा भरायचे आणि कामावर पळायचे. ऑफिसात मला बरं वाटायचं.

असं वर्षभर चाललं. एका रविवारी सकाळी आईला उठताच येईना. भिंतीला टेकून ती बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "कोपऱ्यावरचा हातगाडीवाला बोलीव."

"दवाखान्यात न्यायचंय?"

"मास्तराच्या घरात सोडायचंय ह्यास्नी. तू येणार नसशील तर मी एकटी नेते."

मी भांडले, पण गेले. आम्ही वडिलांना गादीसकट गाडीवर घातलं. आई कंबरेवर हात ठेवून बाजूनं चालत होती. भर दिवसा, भर रस्त्यातून. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते, पण गालाचं कातडं हलत होतं. एका दुकानदारानं विचारलं, "दवाखान्यात काय?" आई म्हणाली, "न्हाय. इमा कंपनीत."

मास्तर व्हरांड्यात पोरांची शिकवणी घेत होते. गाडी फाटकाशी थांबली तसे ते उभे राहिले. "हे काय?"

"तुमचं गिऱ्हाईक. सोपवायला आलोय."

"वहिनी, मुलं बसलीत. असं करू नका."

"बारा वर्सं अंगावर सोनं न्हाय, पोरीचं शिक्षण न्हाय, पण हप्ता चुकला न्हाय. कंपनी बघंल म्हणालता. कंपनीचं दार मला म्हाईत न्हाय. तुमचं म्हाईत हाय." तिनं गाडीवाल्याला खूण केली. आम्ही गादी व्हरांड्यात ठेवली. "सांजच्याला येते," ती म्हणाली आणि खरोखरच निघून गेली.

मास्तरांनी पोरांना घरी पाठवलं. मग माझ्यावर घसरले. "ती अडाणी बाई आहे. तू नोकरी करणारी मुलगी. तुला कळत नाही?"

"मला कळतं. यांना कळत नाही. यांना सांगा, लकव्याला पैसे मिळणार का नाही."

ते कलमं सांगायला लागले, ऑफिसचं नाव सांगायला लागले, मोठ्या साहेबांना भेटू म्हणाले. मी तेच विचारत राहिले. दुपार झाली. वडिलांनी गादी खराब केली. मास्तर दारात रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आधी यांना इथून हलव." मी भिंतीला टेकून बसले होते तशीच बसून राहिले. म्हटलं, "आधी सांगा."

शेवटी ते वडिलांजवळ उकिडवे बसले. त्यांचं ते हसू गेलं होतं आणि आवाज बारीक झाला होता. "मिळणार नाहीत, मिस्त्री. पहिल्यापासूनच मिळणार नव्हते. असं सांगितलं नाही तर लोक सही करत नाहीत. आणि तुम्ही बायकोबद्दल जे बोललात ना, त्यावरून मला कळलं होतं, की तुम्ही कशावरही सही कराल."

वडिलांचा डावा हात वर आला. त्यांनी मास्तरांच्या शर्टाचा खिसा पकडला आणि खाली ओढला. पेनं फरशीवर पडली, खिसा टराटरा उसवला, मास्तर गुडघ्यावर आले, तरी मूठ सुटेना. मी सोडवायला गेले नाही. आतून मास्तरांची बायको बादली आणि फडकं घेऊन आली. तिनं वडिलांची बोटं एकेक करून उकलली, नवऱ्याला म्हणाली, "आत जावा," आणि माझ्याबरोबर गादी पुसायला बसली. पुसून झाल्यावर मला म्हणाली, "परत आणू नका. पुढच्या वेळी मी फाटक उघडणार नाही."

संध्याकाळी आई गाडीवाल्याला घेऊन आली. परत जाताना मी तिला मास्तर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, तिच्याबद्दलचंसुद्धा.  पेठ जवळ आल्यावर ती गाडीवर वाकून वडिलांना म्हणाली, "ऐकलंसा?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला बोटानं पॅड दाखवलं आणि अंगठा लावला.

भरलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी आलं. भाऊ सांगलीहून आला, आरडाओरडा केला, घर बुडवलंत म्हणाला, आणि जेवण न करता गेला. आम्ही माणूस ठेवला. पेठेतलेच एक मुसलमान गृहस्थ होते, दवाखान्यात वॉर्डबॉयचं काम करून निवृत्त झालेले. मी त्यांना चाचा म्हणायचे. ते सकाळ-संध्याकाळ यायचे, वडिलांची दाढी करायचे, अंग पुसायचे, कूस बदलायचे, भरवायचे. आई ताट वाढून चाचांच्या हातात द्यायची आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर जाऊन बसायची. वडील पोटभर जेवायला लागले, अंगानं भरले. "माझ्या हातचंच खातोय," आई पायरीवरून म्हणायची, "पण माझ्या हातनं न्हाय." दोन-अडीच वर्षं आमच्या घरात भांडण झालं नाही. मला वाटायचं, आता बरं चाललंय. पण ते दोघं एकमेकांकडं बघतही नव्हते, आणि एकाच खोलीत ते साधायला फार जोर लावावा लागत असणार.

पैसे संपले. मी चाचांना सांगितलं. त्यांना राजारामपुरीत दुसरा पेशंट मिळाला होता, ते तिकडं गेले.

त्या रात्रीच्या जेवणाला आई ताट घेऊन पथारीजवळ बसली. वडिलांनी तोंड मिटलं. तिनं घास पुढं धरला, ते भिंतीकडं वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. दुपारी तेच. मी म्हटलं, मी भरवते. तर आईनं मला हाकलून लावलं. "तुला कामाला जायचंय. मला कुठं जायचंय?" ती ताट मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी मी आले तेव्हा ते जेवत होते. तिच्याकडं न बघता, डोळे तुळईला लावून, पण तिच्या हातनं.

यानंतर चार वर्षं तिनं त्यांचं केलं. ती घासागणिक बोलायची बंद झाली. ताट पायानं सरकवलं नाही, पाण्याला उशीर केला नाही. कंबर मोडलेली असताना ती त्यांना तीन-तीनदा वळवायची, चादर रोज उकळत्या पाण्यात घालायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा नशीबवान. मला ते खरं वाटत नव्हतं. एकदा मी विचारलंच, "आजोबांचं असं का केलं नाहीस?"

"त्या म्हाताऱ्याशी माझं काय वैर न्हवतं," ती चादर पिळत म्हणाली. "ह्यांच्याशी हाय. जल्मभर म्हणत आला, ही माझे हाल करंल. आता बघ म्हणावं. एक चट्टा उठू देणार न्हाय अंगावर. खोटा पाडून मगच सोडीन."

आणि वडिलांना ते कळत होतं. प्रत्येक स्वच्छ चादरीबरोबर त्यांचा चेहरा आणखी आंबट व्हायचा. कधीकधी ते मुद्दाम अंथरूण ओलं करतात असं मला वाटायचं, तिनं एकदा तरी हात उगारावा म्हणून. तिनं उगारला नाही.

ते एका दुपारी झोपेत गेले. दाखला द्यायला आलेले डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एकही जखम नाही, असं मी बघितलेलं नाही. आईनं हे वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. रडली मात्र नाही.

तेराव्याला भाऊ बायकोसह आला. पंगत बसली होती, कागलचे पाहुणे होते. पानावर बसल्या बसल्या तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पॉलिसी ठेवली असती तर आज पुरी रक्कम हातात आली असती."

"व्हय," आई वाढता वाढता म्हणाली. "पण तुझा बाप त्यातनं जेवला. तुला काय वाढू, भात का आमटी?"

तो पानावरून उठला आणि निघून गेला. त्याची बायको जरा वेळ बसून राहिली, मग तीही गेली. त्यानंतर तो कोल्हापूरला आला तरी आमच्याकडं येत नसे.

आई आणि मी त्या दोन खोल्यांत पुढं बरीच वर्षं राहिलो. आमचंही पटत नव्हतं. एकदा कुणा पाहुण्यापुढं मी म्हणून गेले, की आईनं वडिलांची फार सेवा केली. पाहुणा गेला, आणि ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.